छताखालचं आकाश

झाडांसाठी मोठा एलईडी प्रकाश स्वतः उभारायचा म्हटलं की पहिला प्रश्न हमखास कानावर येतो, ‘किती वॅटचा?’ माझ्या वहीत हा प्रश्न बराच उशिरा येतो. वॅटवरून दिवा किती वीज खातो ते कळतं. पानावर काय पडलं ते कळत नाही. म्हणून मी सुरुवात पानापासून केली. पानाला दिवसभरात किती प्रकाश लागतो हे एकदा ठरलं की दिव्यांची संख्या, तारांची जाडी, खोलीतली उष्णता, विजेचा खर्च हे सगळं एकामागोमाग एक त्यातून निघत जातं. उलट्या बाजूने गेलं की प्रत्येक टप्प्यावर अंदाज बांधावा लागतो, आणि मांडणी मोठी असली की असे अंदाज फार महाग पडतात.

पान प्रकाश घेतं तो कणाकणाने. एक फोटॉन आत शिरतो, हरितद्रव्याच्या रेणूला धक्का देतो आणि पुढची सगळी साखळी सुरू होते. निळ्या फोटॉनमध्ये तांबड्यापेक्षा जास्त ऊर्जा असते, पण त्या जादा ऊर्जेचं पानाला काही करता येत नाही. ती उष्णता होऊन निघून जाते. त्यामुळे इथे फोटॉनांची संख्या मोजायची. ४०० ते ७०० नॅनोमीटर तरंगलांबीचे किती फोटॉन एका चौरस मीटरवर दर सेकंदाला पडतात, ते मायक्रोमोलमध्ये सांगतात. एक मोल म्हणजे ६.०२२ गुणिले १० चा २३ वा घात इतके कण. मायक्रोमोल हा त्याचा दहा लाखावा भाग. उन्हाळ्यातल्या निरभ्र दुपारी सूर्य सुमारे २००० मायक्रोमोल ओततो. अशा दिवसाची सकाळपासून संध्याकाळपर्यंतची बेरीज केली तर चौरस मीटरला ४० ते ६० मोल भरतात.

आता हे घरातल्या उजेडाशेजारी ठेवून बघा. टेबलावर वाचायला ५०० लक्स (लक्स म्हणजे डोळ्याला जाणवणाऱ्या उजेडाचं माप) उजेड भरपूर होतो. पांढऱ्या एलईडीच्या बाबतीत साधारण ७० लक्स म्हणजे एक मायक्रोमोल धरता येतो, म्हणजे आपल्याला लख्ख वाटणारी ती जागा झाडाच्या लेखी जेमतेम ७ मायक्रोमोलांची. १६ तास दिवा चालू ठेवला तरी दिवसाची बेरीज ०.४ मोल. खोलीच्या कोपऱ्यातलं रोप महिनोन् महिने तसंच का उभं राहतं, नवं पान का धरत नाही, याचं उत्तर या एका आकड्यात आहे. आपल्या डोळ्यातली बाहुली आकुंचते, प्रसरते आणि डोळा प्रत्येक उजेडाशी जुळवून घेतो. पानाला ती सोय नाही. त्याच्यावर जे पडतं तेवढंच त्याचं. हे कळल्यापासून सावलीत ठेवलेल्या कुंडीकडे मला पूर्वीसारखं सहज बघता येत नाही.

झाडागणिक गरज वेगळी. सावलीत वाढणाऱ्या शोभेच्या झाडांचं दिवसाला ४ ते ८ मोलांत भागतं. लेट्यूससारख्या पालेभाज्यांना १२ ते १७ मोल लागतात. टोमॅटो, मिरचीसारख्या फळणाऱ्या झाडांना २० ते ३०. दर सेकंदाचे मायक्रोमोल गुणिले तास गुणिले ०.००३६ केलं की दिवसाचे मोल मिळतात. या सगळ्या कामातलं सगळ्यात उपयोगी सूत्र हेच आहे. ३०० मायक्रोमोल, १६ तास: १७.३ मोल. पालेभाजी आनंदात, मिरचीची रोपं धष्टपुष्ट. मी हाच आकडा पाया म्हणून धरला.

जागा धरली ५ मीटर लांब आणि १.२ मीटर रुंद, एकच लांब टेबल. रुंदी १.२ मीटर कशासाठी, तर दोन्ही बाजूंनी हात ६० सेंटिमीटर सहज आत जातो. त्यापेक्षा रुंद टेबलाच्या मधल्या रोपांकडे दुर्लक्षच होतं. क्षेत्रफळ ६ चौरस मीटर, म्हणजे पानांवर दर सेकंदाला १८०० मायक्रोमोल पोचायला हवेत. काही प्रकाश बाजूने निसटतो, भिंती काही गिळतात. १५ टक्के तूट धरली तर दिव्यांमधून साधारण २१२० मायक्रोमोल निघायला हवेत. आज चांगल्या एलईडीच्या मांडणीतून, एलईडीला लागेल तशी वीज पुरवणाऱ्या डब्यातली, म्हणजे ड्रायव्हरमधली, घट धरूनसुद्धा, विजेच्या प्रत्येक ज्यूलमागे २.५ मायक्रोमोल मिळतात असं धरायला हरकत नाही. एक वॅट म्हणजे सेकंदाला एक ज्यूल, तेव्हा भागाकार केला की उत्तर येतं सुमारे ८५० वॅट. पहिल्याच वाक्यातल्या प्रश्नाचं उत्तर इथे मिळालं, आणि आता ते उत्तर कशावर उभं आहे हेही माहीत आहे. उद्या टेबल अर्धं केलं किंवा फक्त टोमॅटो लावायचे ठरवले, तर नेमका कुठला आकडा हलवायचा ते दिसतं.

८५० वॅट गुणिले १६ तास म्हणजे रोज १३.६ युनिट, ३० दिवसांत ४०८. हा आकडा मी वहीत मोठ्या अक्षरांत लिहून ठेवला आहे, कारण प्रकाश फुकट नसतो हे अशा वेळी नीट ध्यानात राहतं. बाहेर उघड्यावर याच्या दुपटी-तिपटीने प्रकाश रोज पडतो आणि त्याची पावती कोणी फाडत नाही. ज्याच्याकडे ऊन आहे त्याने आधी ऊन वापरावं, हे माझं ठाम मत आहे. बंद खोली, उत्तरेची खिडकी, दिवस लहान असलेला हंगाम, किंवा बारमाही रोपं तयार करायची असतील, तर मात्र हा सगळा खटाटोप सार्थकी लागतो.

आता रंग. वनस्पतींसाठीचे एलईडी दिवे बरीच वर्षं जांभळट-गुलाबी असत. त्यामागचा तर्क असा की हरितद्रव्य निळा आणि तांबडा प्रकाश जास्त शोषतं, तेव्हा हिरवा द्यायचाच कशाला. पण नळीतल्या द्रावणातलं हरितद्रव्य वेगळं आणि जिवंत पान वेगळं. कीथ मॅक्री यांनी टेक्सासमध्ये २२ पिकांच्या पानांवर एकेका रंगाचा प्रकाश टाकून प्रकाशसंश्लेषण मोजलं आणि १९७२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. हिरवा प्रकाशही पानं चांगला वापरतात हे त्यातून स्पष्ट दिसलं. निळे-तांबडे फोटॉन पानाच्या वरच्याच थरात टिपले जातात, तर हिरवे खोल उतरतात, वरच्या पानातून झिरपून खालच्या पानापर्यंतही जातात. दाट पालवीत ही मोठीच गोष्ट आहे.

पांढऱ्या एलईडीच्या आत मुळात निळा डायोडच असतो, ४५० नॅनोमीटरच्या आसपासचा. त्यावर पिवळ्या फॉस्फरचा लेप. निळ्याचा काही भाग लेपात शोषला जाऊन हिरवा, पिवळा, तांबडा होऊन बाहेर पडतो आणि उरलेल्या निळ्याशी मिळून पांढरा दिसतो. पहिला दृश्य तांबडा एलईडी निक होलोनियाक यांनी १९६२ मध्ये बनवला. उजळ निळ्यासाठी मात्र त्यानंतर तीस वर्षं वाट बघावी लागली. इसामू अकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा यांना त्याच निळ्यासाठी २०१४ चं नोबेल मिळालं. ही खोली उजळणारा प्रत्येक पांढरा ठिपका त्यांच्या कामावर उभा आहे, आणि एलईडी बसवलेला बोर्ड हातात घेतला की मला त्याची आठवण होते.

गणिताने बघितलं तर तांबडा स्वस्त पडतो. ६६० नॅनोमीटरच्या तांबड्या प्रकाशाच्या एका ज्यूलमध्ये जास्तीत जास्त साडेपाच मायक्रोमोल मावतात, ४५० च्या निळ्यात पावणेचार. म्हणजे तेवढ्याच ऊर्जेत तांबडे कण जास्त. म्हणून पांढऱ्यांमध्ये थोडे ६६० चे तांबडे डायोड मिसळलेले बोर्ड चांगले. पण पांढऱ्याचा बाज मी सोडणार नाही, आणि त्याचं कारण गणिताबाहेरचं आहे. जांभळ्या उजेडात पानं काळपट दिसतात. नत्र कमी पडून आलेला फिकटपणा, शिरांमधला पिवळेपणा, पानामागे लपलेला मावा, कोळी किडीची बारीक जाळी, यातलं काही ओळखू येत नाही. रोपांपाशी रोज उभं राहून त्यांच्याकडे बघणं हा सगळ्या देखभालीचा गाभा आहे; ज्या प्रकाशात मला पान दिसत नाही तो प्रकाश मला नको. अंतराळ स्थानकावर नासाने २०१४ मध्ये बसवलेल्या ‘व्हेजी’ या छोट्या बागेतसुद्धा तांबड्या-निळ्याच्या जोडीला हिरवे दिवे दिलेले होते. तिथे वाढलेला लाल रोमेन लेट्यूस अंतराळवीरांनी ऑगस्ट २०१५ मध्ये खाल्ला.

आता खऱ्या मांडणीकडे. २८८ डायोडचा एक सपाट बोर्ड घेतला, तर त्यात बहुधा १८ डायोड एकामागे एक आणि अशा १६ रांगा शेजारी शेजारी असतात. बोर्ड भिंगाखाली धरून बघावा. प्रत्येक डायोड तीन मिलिमीटरचा, पांढऱ्या चौकटीत हळदी रंगाचा चौरस. ड्रायव्हरचा डिमर अगदी खाली नेऊन तो पेटवला की हळदी चौरसाच्या मध्यावर निळसर उगम आणि भोवती पसरत गेलेला पांढरा असं दोन्ही वेगवेगळं दिसतं. (पूर्ण उजेडात असं बघायचं नाही, डोळ्यांना इजा होते.) हा एक ठिपका सुमारे ६५ मिलिअँपिअरवर पाव वॅटसुद्धा घेत नाही. असे काही हजार ठिपके मिळून झाडांचा दिवस बनतो.

आता लागणारे ८०० वॅट, म्हणजे ड्रायव्हरमधली घट वजा करून उरलेले, बोर्डांमध्ये वाटायचे आहेत. प्रत्येकी ८० वॅटवर चालवले तर १० बोर्डांत काम होतं. ५० वॅटवर चालवले तर १६ लागतात. सुरुवातीचा खर्च अर्थात १० मध्ये कमी. मी १६ घेतले, आणि या सगळ्या योजनेत मला मनापासून सांगायची गोष्ट कुठली असेल तर हीच: दिवे जास्त घ्यावेत आणि त्यांना हळू चालवावं. डायोडमधला करंट वाढवला की प्रकाश वाढतो, पण त्याच प्रमाणात वाढत नाही. प्रत्येक जादा मिलिअँपिअर थोडा कमी प्रकाश आणि थोडी जास्त उष्णता देतो. कमी करंटवर तोच डायोड काही टक्के जास्त कार्यक्षम असतो, गार राहतो, आणि गार राहिल्यामुळे त्याचा प्रकाश वर्षानुवर्षं टिकतो. ५० वॅटच्या बोर्डामागे ॲल्युमिनियमचं पातळ चॅनल पुरतं, पंख्याची गरजच पडत नाही. पंखा नाही म्हणजे आवाज नाही, धूळ ओढली जात नाही आणि बंद पडणारी एक वस्तू कमी.

पण १६ बोर्डांचा सगळ्यात मोठा फायदा वेगळाच आहे. प्रकाशाचं अंतराशी असलेलं नातं आपण शाळेत शिकतो: अंतर दुप्पट, तर प्रकाश चौपट कमी. ते एका बिंदूसारख्या दिव्याला लागू पडतं. एकच प्रखर दिवा रोपांवर टांगला तर वर आलेला शेंडा होरपळतो आणि बुंध्याजवळचं पान उपाशी राहतं. पण प्रकाश देणारं पृष्ठ टेबलाएवढंच मोठं असलं तर नातं बदलतं. एका बोर्डापासून दूर गेलं की शेजारच्या बोर्डांचा प्रकाश तिथे येऊन पोचतो आणि अंतराप्रमाणे होणारी घट खूपच मंदावते. ढगाळ दिवशी आपण टेकडीवर असलो काय आणि पायथ्याशी असलो काय, आकाश सारखंच उजळ वाटतं, ते याच कारणाने. वाढत्या झाडांना नेमकं हेच हवं असतं. म्हणून आराखडा काढताना मी ‘दिवे कुठे लावायचे’ असा विचार सोडला आणि टेबलाएवढं आकाश कसं तयार होईल असा विचार सुरू केला.

याची खूण बघायला मापकाचीही गरज नाही. एका बोर्डाखाली हात धरला की टेबलावर बोटांची काळी, रेखीव सावली पडते. शेजारचा बोर्ड पेटवला की दुसरी, फिकी सावली दिसते. एकेक करत सगळे पेटवले की सावल्या एकमेकींत मिसळून जातात आणि हाताखाली फक्त किंचित मंद झालेला भाग उरतो. पानांची सावलीही अशीच विरते. वरचं पान खालच्या पानाला पूर्ण झाकू शकत नाही.

या आकाशाची अडचण कडांना येते. मधल्या रोपाला चारही बाजूंचे बोर्ड प्रकाश देतात, कोपऱ्यातल्याला दोनच बाजूंचे. बोर्ड समान अंतरावर टांगले तर मध्यभाग उजळ आणि कडा मंद, असं होणारच. उपाय सोपा आहे: बोर्ड कडांकडे सरकवायचे. १६ बोर्ड मी आठ-आठच्या दोन रांगांत धरले. प्रत्येक रांग टेबलाच्या कडेपासून ३० सेंटिमीटरवर न ठेवता २२ वर आणली, आणि लांबीच्या दोन्ही टोकांना बोर्डांमधलं अंतर कमी केलं. बाजूंना पांढरे पडदे सोडले की कडेने निसटणारा प्रकाश परत फिरतो. साधा चकाकी नसलेला पांढरा रंग ९० टक्क्यांच्या जवळपास प्रकाश परतवतो आणि तो सगळीकडे पसरवून परतवतो, म्हणून चकचकीत फॉइलच्या फंदात मी पडले नाही. फॉइलला सुरकुती पडली की त्यातून उजेडाचे पट्टे उठतात.

विजेच्या भागात घाई करू नये. बोर्ड एकामागे एक जोडले तर करंट सगळ्यांत सारखा राहतो, पण व्होल्टेजची बेरीज होत जाते. चार बोर्ड एका माळेत आले की डीसी २०० व्होल्ट होतात, आणि ते प्राणघातक आहेत. शेजारी शेजारी, म्हणजे समांतर जोडले तर सगळ्यांवर ५० व्होल्टच राहतात. मी समांतर जोडणी घेतली. तिच्यावरचा आक्षेप मला माहीत आहे: डायोड तापला की त्याला लागणारा व्होल्टेज थोडा उतरतो, त्यामुळे गरम बोर्ड जास्त करंट ओढतो, आणखी गरम होतो. आक्षेप खरा आहे. पण हळू चालवण्याचा निर्णय इथे पुन्हा कामी येतो. एका ड्रायव्हरवर चार बोर्ड, प्रत्येकाला एक अँपिअरच्या जरा वर. समजा एकाची तार सुटली, तर त्याचा वाटा उरलेल्या तिघांत जाईल आणि ते १.४ अँपिअरवर चालतील. अडीच अँपिअर सहज झेलणाऱ्या बोर्डाला त्याने काही होत नाही. तेच बोर्ड आधीपासून शेवटच्या टोकाला चालवले असते तर एक तार सुटल्यावर बाकीचे पाठोपाठ गेले असते.

म्हणजे २४० वॅटचे चार ड्रायव्हर, प्रत्येकाकडे टेबलाचा एक चतुर्थांश भाग. एकच मोठा ड्रायव्हर घेता आला असता. पण तो बंद पडला तर सगळ्या टेबलावर रात्र. चारांतला एक गेला तर नवा येईपर्यंत रोपं सरकवून काम भागतं. शिवाय चार डिमर मिळतात: एका टोकाला बिया रुजत घातलेले ट्रे मंद प्रकाशात, दुसऱ्या टोकाला मिरची पूर्ण प्रकाशात. ड्रायव्हरपासून चारही बोर्डांना जाणाऱ्या तारा सारख्या लांबीच्या ठेवायच्या, जवळच्या बोर्डालासुद्धा. तारेत व्होल्टेज उतरतो. लांबी कमी-जास्त झाली तर करंटची वाटणी बिघडते. सगळं जोडून झालं की डीसी मोजणाऱ्या क्लॅम्प मीटरने प्रत्येक तार तपासायची.

एक बारीक गोष्ट पुष्कळदा नजरेतून सुटते. ड्रायव्हर चालू होण्याच्या क्षणी त्याच्या आतले वीज साठवणारे कपॅसिटर भरून घेण्यासाठी सेकंदाच्या हजाराव्या भागापुरता किंवा त्याहूनही कमी वेळ नेहमीच्या कित्येक पट करंट ओढतात. चार ड्रायव्हर एकदम चालू झाले की एमसीबी (करंट वाढला की वीज तोडणारा स्विच) पडतो, नाहीतर साध्या टाइमरचे संपर्कबिंदू हळूहळू चिकटतात आणि दिवे बंद व्हायचं नावच घेत नाहीत. म्हणून टाइमरने फक्त कॉन्टॅक्टर (मोठा भार जोडणारा-तोडणारा, विजेवर चालणारा स्विच) ओढायचा आणि दिव्यांचा भार कॉन्टॅक्टरने पेलायचा. एमसीबी ‘सी’ प्रकारचा, म्हणजे असा क्षणिक झटका सहन करणारा. एका एमसीबीवर किती ड्रायव्हर चालतील हे ड्रायव्हरच्या माहितीपत्रकात दिलेलं असतं. ते वाचूनच घ्यायचा.

आणि अर्थिंग. ओल्या मातीच्या वर, ओल्या हातांच्या आवाक्यात, ॲल्युमिनियमची पाच मीटर लांब चौकट टांगलेली असणार आहे. ती चौकट आणि प्रत्येक ड्रायव्हरची बॉडी अर्थला जोडलेली हवी, रंग किंवा ऑक्साइडचा थर खरवडून, दातेरी वॉशर घालून, आणि जोडल्यावर मल्टिमीटरने तपासून. पुढे ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच. प्रत्येक तारेला ड्रायव्हरमध्ये शिरण्याआधी खाली एक झोळ, म्हणजे तारेवरून ओघळलेलं पाणी तिथूनच टपकेल. मुख्य लाइनीचा जोड परवानाधारक वायरमनकडूनच. बाकी सगळं स्वतः करण्यात मला आनंद आहे. या एका जागी कुशल माणसाचा हात हवा.

८५० वॅट वीज आत आली की शेवटी जवळजवळ सगळ्याची उष्णताच होते. पानं प्रकाशातला फारच थोडा भाग साखरेत साठवतात. पंख्याशिवायचा एक छोटा हीटर रोज १६ तास चालू ठेवावा, इतकी ही उष्णता आहे. ती खोलीबाहेर जायला वाट हवी. ड्रायव्हर मी दिव्यांपासून दूर, भिंतीवर हवेशीर जागी धरले आहेत. त्यांच्यातल्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं आयुष्य दर १० अंशांच्या वाढीला साधारण निम्मं होतं, म्हणून त्यांना डोक्यावरच्या गरम हवेत ठेवणं बरं नाही. पानांच्या बाजूने बघितलं तर गोष्ट उलटी आहे. एलईडीच्या प्रकाशात अवरक्त किरण जवळपास नसतात, त्यामुळे उन्हात किंवा सोडियमच्या दिव्याखाली जेवढं तापतं तेवढं पान इथे तापत नाही. बाष्पोत्सर्जन मंदावतं, आणि पाण्याबरोबर वर चढणारं कॅल्शियम कोवळ्या आतल्या पानांपर्यंत नीट पोचत नाही. लेट्यूसच्या आतल्या पानांच्या कडा करपतात त्या यामुळेच. टेबलाच्या लांबीने हळू वाहणारा वारा हवाच, पानं किंचित हलतील इतका.

अंधाराचीही योजना करावी लागते. गार्नर आणि अलार्ड यांनी १९२० मध्ये तंबाखू आणि सोयाबीनवरच्या प्रयोगांतून दाखवून दिलं की झाड कधी फुलेल हे पुष्कळदा दिवस-रात्रीच्या लांबीवर ठरतं. शेवंतीला लांब, अखंड रात्र मिळाली की ती कळ्या धरते. मध्येच कोणी दिवा लावला तर तिचं गणित चुकतं. पालेभाजी आणि शेवंती एकाच टाइमरखाली नांदणार नाहीत, हे कागदावर असतानाच ठरवलेलं बरं. टोमॅटोला चोवीस तास प्रकाश दिला तर त्याची पानं पिवळी पडून खराब होतात. १६ तास उजेड आणि ८ तास पूर्ण काळोख मी सगळ्यांसाठी धरला, आणि शेवंतीला या टेबलावर जागा ठेवली नाही.

चौकटीत एक चॅनल रिकामं सोडलं आहे, ७३० नॅनोमीटरच्या अतितांबड्या पट्टीसाठी. रॉबर्ट इमर्सन यांनी १९५७ मध्ये दाखवलं की असा लांब तरंगलांबीचा प्रकाश एकटा दिला तर जवळजवळ वाया जातो, पण आखूड तरंगलांबीच्या प्रकाशासोबत दिला तर दोघांच्या वेगळ्या परिणामांच्या बेरजेपेक्षा जास्त काम होतं. पण त्याचा दुसरा गुण असा की शेजारच्या पानांतून गाळून आलेला प्रकाश अतितांबड्याने भरलेला असतो, त्यामुळे तो दिसला की झाडाला गर्दी झाल्यासारखं वाटतं आणि ते उंच व्हायला धावतं. लेट्यूसची पानं यात रुंद होतात, पण मिरचीची रोपं लांबुडकी होतात. ती पट्टी पुढच्या हंगामात, एकाच टोकाला, वेगळ्या स्विचवर बसवून दोन्ही बाजूंची रोपं शेजारी शेजारी वाढवून बघायची आहेत.

मापनासाठी टेबलावर खडूने चौकोन आखले आहेत: लांबीत १०, रुंदीत ३. रिकाम्या टेबलावर तीसही ठिकाणी लक्समीटर ठेवून आकडे घ्यायचे, सर्वांत कमी आकडा सरासरीच्या ८० टक्क्यांखाली गेला तर बोर्ड सरकवायचे आणि पुन्हा मोजायचं. नंतरची मोजमापं टेबलापाशी न घेता शेंड्यांच्या उंचीवर घ्यायची, कारण रोप वाढलं की त्याचं टेबल वर सरकलेलं असतं. चौकट दोऱ्यांवर आणि कप्प्यांवर टांगलेली आहे. शेंड्यांपासून ४५ सेंटिमीटर अंतर राखत ती वर घेत जायची. बोर्डांवरची धूळ महिन्यातून एकदा, वीज बंद करून, मऊ कोरड्या कापडाने पुसायची. पहिल्या पेरणीला चारही डिमर निम्म्यावर राहतील. १५० मायक्रोमोल म्हणजे दिवसाचे साडेआठ मोल, कोवळ्या रोपांना ते पुरतात. खरी पानं फुटली की दर आठवड्याला थोडं थोडं वाढवत ३०० वर जायचं, आणि मिरचीकडच्या टोकाला त्याच्याही पुढे, तिथले ड्रायव्हर जिथवर देतील तिथवर.